आत्याला न कळलेली गाडी

गाडी दुरुस्त झाल्याचं कौतुक मला सांगू नका. माझ्या गाडीचा सायलेन्सर पाइप जॉइंटपाशी गळत होता, तेव्हा ती भोईवाड्याच्या नाक्यापासूनच फटफटायची. माझ्या आत्याच्या चाळीतले लोक शिव्या घालायचे. मी बातमीदार माणूस, मीही ऐकून घेत नसे. पण आत्याला आता धड दिसत नाही. तो आवाज आला की ती चहाचं आधण ठेवायची आणि दार उघडून उभी राहायची.

पुढे धूर गाडीत यायला लागला, म्हणून मेकॅनिकने गॅस्केट बदलून जॉइंट घट्ट केला. रविवारी गेलो, तर दार बंद.

"कोण आहे?" आत्या आतून ओरडली.

"मी गं."

"मेल्या, चोरासारखा काय येतोस? चहासुद्धा ठेवला नाही मी."

मी तडक मेकॅनिककडे गेलो. "तो जॉइंट पुन्हा सैल कर!"

"साहेब, धुराने मराल."

पुढच्या रविवारी नाक्यापासून हॉर्न वाजवत गेलो. तरी दार बंदच.

"आत्या, हॉर्न नाही ऐकलास?"

"ऐकला की. पण तो तर सगळेच वाजवतात रे."