आमसुलाच्या पाण्यातला चिनी वाडगा

सन्माननीय अध्यक्ष जमालशेठ, व्यासपीठावर बसलेले आमचे उत्खननाचे साहेब, आजचे सत्कारमूर्ती मोहिद्दीनभाई आणि रास अल खैम्याच्या या गोदामात घाम पुसत बसलेल्या माझ्या कोकणच्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सलाम.

मी हमदुल्ला, उत्खननाचा स्टोअरकीपर. खरं सांगतो, बोलायचं मनात नव्हतं. थकलोय. पण मोहिद्दीनभाई परवाच्या बोटीनं मुंबईला निघालेत. साहेबांनी त्यांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. का वाढवलं नाही, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे; आधीच्या वक्त्यांनी ते शालीत गुंडाळून सांगितलं.

चार वर्षं या माणसानं जमिनीतून निघालेली खापरं धुतली. गोडं पाणी, मऊ ब्रश, एकेका तुकड्याला अख्खा दिवस. मी यल्ला, यल्ला करत घाई लावायचो. ते मान वर करत नसत.

गेल्या हिवाळ्यात एक चिनी वाडगा निघाला, सहा तुकड्यांत. साहेबांनी मोडक्या हिंदीत आम्हाला समजावलं. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुंभारानं आधी मेणाचे ठिपके दिले, म्हणजे तिथे रंग धरत नाही. मग शिशाच्या झिलईत तांबं कालवून हिरवा ओतला, लोखंड कालवून पिवळा. भट्टीत झिलई वितळली, रंग एकमेकांत ओघळले, ठिपके तेवढे पांढरे राहिले. कुठला रंग कुठवर जाईल, हे त्यालाही आधी सांगता आलं असतं का? मोहिद्दीनभाई तर त्यातला एक तुकडा हातात धरून बसूनच राहिले.

दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे होते आणि तुकड्यांवर चुन्यासारखा पापुद्रा. मोहिद्दीनभाई जेवायला गेलेले. आपल्याकडे तांब्याची भांडी कशानं घासतात? आमसुलानं. माझ्या बायकोनं, हव्वाबीनं, गावाहून धाडलेली आमसुलं होतीच. टबात भिजवली, सहाही तुकडे त्यात सोडले आणि पापुद्रा सुटतोय म्हणून खूश झालो. संध्याकाळी बाहेर काढले तर हिरवा गेलेला, पिवळा गेलेला, वर राखेसारखं काहीतरी पांढुरकं. आंबट पाण्यानं झिलई खाल्ली होती.

होय, मी. तुम्ही बरोबर ऐकलंत.

साहेबांनी विचारलं, कोणी धुतलं? धुण्याचं काम मोहिद्दीनभाईंचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात पाहिलं. ते गप्प राहिले आणि साहेब काय समजायचं ते समजले. नंतर मी पाय धरायला गेलो, तर एवढंच म्हणाले, "खलास, हमदुल्ला. तुझी पोरं लहान आहेत. माझं इथलं झालं." सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला हायसं वाटलं. त्यानंतर मात्र एक दिवस धड गेला नाही.

जमालशेठ, बोलू दिलंत, आभारी आहे. सोहळ्यावर विरजण घातलं, त्याबद्दल सगळ्यांनी माफ करावं. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर तेही पोटात घाला. बाकीची माफी मात्र तुमच्याकडे मागून उपयोग नाही. साहेबांना मराठी कळत नाही. मघापासून ते हसून मान डोलावताहेत. आता हेच सगळं मी त्यांना हिंदीत सांगणार आहे.

मोहिद्दीनभाई, आज तुम्ही मध्ये पडू नका.