उलटी होडी

शीळफाट्याच्या बसथांब्यावर रांगेत नऊ माणसं होती. सगळ्यांत पुढे दामाजी आणि सगुणा हे कोळी जोडपं, सगळ्यांत मागे नुकतीच बीएस्सी झालेली, चष्मा लावलेली मृणाल.

“ती फुटकी फायबरची होडी जाळून टाकतो.”

“आणि तो घाण धूर कोण खाणार?”

“मग खाडीत बुडवतो.”

“ती कुजते थोडीच? आपलीच जाळी फाटतील. अंगणात उलटी घाला, कोंबड्यांना छप्पर होईल.”

“मावेल?”

“केवढी हाय?”

“इथून त्या चष्मेवाल्या पोरीपर्यंत.”

मृणाल जागची हलली नाही.

“अंगण छत्रीवाल्यापर्यंतच. पुढं माझ्या मिरच्या. टोक कापा होडीचं.”

“पोरांची लग्नं केली तिनं. करवत नाय लावणार. मिरच्या हलव.”

“माझ्या मिरच्या?”

“अगं, हलव ना.”

“बरं. पण अंडी काढायला तुमीच वाकायचं.”

मृणालने छत्रीवाल्यापासून स्वतःपर्यंत मोजलं. मिरच्या तीन माणसं मागे सरकल्या होत्या.