तापलेल्या इंजिनाचा चोक

न्हाय मिस्त्री चाचा, इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं टाकून झालं आमचं — दर वेळी टाकतो. ऊन तापलं की पेट्रोलची वाफ हुती, पंप ओढत न्हाय, जुन्या फियाटला हे असायचंच — असं हे सांगतात. बरोबर हाय का? व्हय न्हवं? मग हे बर्फ घेऊन येईपर्यंत मला एक सांगा — पेट्रोल पोचतच न्हाय, तर गाडीत एवढा पेट्रोलचा वास कशाचा? आणि तुमी काढला तो प्लग ओला कसा? दिसतोय की मला हितनं.

मला गाडीतलं काय कळतंय? काय न्हाय. नवी सून, शेजारी गप बसते — बघायला तेवढी बंदी न्हाय. ह्याच उन्हात भर दुपारी इंदापुरातनं अकलूजला नणंदेकडं गेलो, गाडी एकदा खोकली न्हाय. बारामती सोडून लोणी भापकरची, माझ्या माहेराची वाट धरली की हिला धाप लागती. आई अंथरुणाला खिळल्यापासून हे तिसऱ्यांदा. मग झाडाखाली थांबायचं, 'आता उशीर झाला' म्हणायचं, मागं फिरायचं — आणि मागं फिरली की कशी पळती, विचारू नका. एसटीनं जाते म्हटलं, तर मामंजी म्हणतात, आपल्यात सुना एसटीनं जात न्हाईत, दारात गाडी हाय.

आज सकाळी दादाचा फोन — आई तुझंच नाव घेती, दिवस मावळायच्या आत ये. निघालो. बारामती मागं पडली आणि ह्यांचा हात खाली गेला, त्या चोकवर. थंडीतल्या सकाळी ओढतात न्हवं तो? तापलेल्या इंजिनाला ओढला तर पेट्रोल तुंबणारच की — माणूस वाईट न्हाय हो. थोरल्या जाऊबाई माहेरी गेल्या त्या आल्याच न्हाईत, तवापासून माहेर म्हटलं की घरात सगळे विषय बदलतात. 'जाऊ नको' म्हणवत न्हाय तोंडानं, मग गाडीला म्हणायला लावायचं. मी तरी कुठं बोलते? बोलले ती आज, ती बी तुमच्याशी.

एवढं करा — ती चोकची वायरच काढून टाका. तुटली हुती म्हणा ह्यांना. लोणी काय लांब न्हाय आता, पोचते मी — थांबा. दादाचा फोन.

बोल दादा.

कधी?

बरं.

राहू द्या चाचा. वायर हाय तशी राहू द्या. हे आले बघा बर्फ घेऊन — प्लग तेवढा पुसून बसवा. आता न्हाय ती बंद पडायची.