हातवारे

परवाचं आठवलं तरी डोकं फिरतं, बघ. दुसऱ्याचं बोलणं बहिऱ्या माणसांना खुणांनी सांगायचं, ही माझी नोकरी. तिचीच माहिती दहावीच्या पोरांना द्यायला वेल्ह्याजवळच्या एका शाळेत गेले, तर वर्गाबाहेर एक पोरगी अंगठे धरून ओणवी!

सरांना विचारलं, "काय केलं हिनं?"

"तासाला लई हातवारे करती. शेजारची पोरगी बहिरी हाय, तिला समदा धडा सांगत बसती."

"आणि त्या बहिरीला कळतो धडा?"

"व्हय, पास व्हती की!"

मी ओरडलेच, "अहो सर, माझी नोकरी ही पोरगी आत्ताच करतेय! सोडा तिला!"

सर दचकले. तिच्याकडं वळून म्हणाले, "जा आत. हाताची घडी, तोंडावर बोट!"