बारीक सिलिंडर

(आमगावातलं घर. अंगणात जुन्या जीपचा उघडा सांगाडा. चालकाच्या जागी मंजू, शेजारी नवरा तिलक. आत स्वयंपाकघरात पेला घरंगळतो.)

तिलक : मांजर असंन. तू पेडल दाब.

मंजू : दाबूनच राहिली ना जी. अर्ध्यावर अडते. डाव्या पायात जोरच नाही, तं काय करू?

तिलक : मी मुद्दाम क्लचकडं तेल ढकलाले ट्रकचा जाडा मास्टर सिलिंडर बसवला. म्हटलं, जेवढा जाडा तेवढा क्लच हलका.

मंजू : रुचि! तुह्या औषधाच्या दोन्ही सिरिंजा आन वं, जाडी अन् बारीक. अन् ते सलाईनची नळी.

रुचि : पाणी भरून आनली, आई.

मंजू : लाव मधात नळी. आता तुमी जाडीचा दट्ट्या दाबा.

तिलक : लय जड जाते.

मंजू : आता बारीक दाबा.

तिलक : अरे! सरकन गेला.

मंजू : मंग? सिलिंडर बारीकच आना.

तिलक : पण पलीकडचा दट्ट्या किती कमी सरकला. क्लच पुरा सुटला नाही तं गिअर खरखर करंल.

मंजू : पेडल लांब जाऊ द्या. सीट पुढं घ्या. जोर नाही तं थोडी वाट जास्त चालंल माहा पाय.

तिलक : चोरखमाऱ्याले, तुह्या माहेरी, मी नेऊन देतोच ना तुले. काऊन एवढा हट्ट?

मंजू : नेऊन देता, म्हूनच. वहिनी दरवेळी तुमाले आधी पाणी देते अन् म्हणते, 'आनलं बाप्पा बिचारीले!' एक डाव मले माहेरच्या दारात सोताच्या हातानं गाडी उभी करायची आहे.

तिलक : ...उद्या गोंदियाले जातो. दुकानवाला हासंल, म्हणंल ट्रकचा परत आनला.

मंजू : सांगा, बायकोनं सांगितलं.

तिलक : मंग तं आणखीच हासंल!

मंजू : हासू द्या.

रुचि : आई, सरक ना. मी उभी राहून दाबतो. दोन्ही पायानं... हे पाह्य, गेलं पेडल खाली!

तिलक : बापरे! पोरीच्या पायात भारीच जोर हाय.

रुचि : आई, आजी म्हणे, मी झाली तवा तुह्या पायातलं बळ गेलं. ते माह्या पायात आलं का?

मंजू : उतर बेटा, पडशील.

रुचि : सांग ना. मंग मी तुले ते परत कसं देऊ?