रंगूच्या चुंबळीचा मोकळा कोपरा

माननीय अध्यक्ष रामचंद्रपंत, बदलीवर निघालेले मामलेदारसाहेब व बाईसाहेब, महिला मंडळाच्या भगिनी, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या नीराबाई,

मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला भाषणाला कुणी बोलावत नाही. आज बोलावलंत, आभार. साहेबांनी तळ्याचा गाळ काढवला, ते गाव विसरणार नाही.

आता आहेराबद्दल. रेशमी रुमालाखालचं ताट रिकामं आहे. कुजबुज नको. वस्तू माझ्याजवळ आहे. ही पाहा.

हिला नुसतं ‘भरतकामाचं कापड’ कोण म्हणालं? नीराबाई मिठागराजवळच्या लमाण तांड्यातल्या. मोटारी मीठ नेऊ लागल्या आणि त्यांचे बैल थांबले, सुई थांबली नाही. डोक्यावर घागरीखाली चुंबळ असते, तिला जोडलेलं, मागे मानेवर रुळणारं हे कवड्यांचं कापड. त्यांच्या तांड्यात प्रत्येक मुलगी स्वतःचं स्वतः भरते. लग्नानंतर हे लेवून ती सासरी पहिलं पाणी नेते. एक कोपरा मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. घागर उतरली, की सासू त्यात पहिला टाका घालते. तो टाका पडला, म्हणजे सून घरातली झाली.

रावजी चिटणिसांनी प्रदर्शनासाठी हे मागून आणलं. आमच्या भगिनींना वाटलं, बिचारीचं अर्धवट राहिलंय! त्यांनी कोपऱ्यात गुलाबी रेशमाचा गुलाब भरला, आणि कापड बाईसाहेबांच्या आहेराला काढलं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मलाही तोच शिकवला होता. उशीच्या अभ्र्यावर छान दिसतो.

नीराबाई हे परत मागायला तीनदा येऊन गेल्या. काल माझ्या ओटीवर बसून म्हणाल्या, “बाय, दाखवाया दिलं व्हतं, देऊन टाकाया न्हाय. उद्या माज्या रंगूची वरात हाय.”

काय म्हणालात, रावजी? आटपू? आटपते. तोवर बसा, उभं राहून तुमची उंची वाढत नाही.

तो गुलाब आज सकाळी मी उसवला. रेशीम निघालं, भोकं राहिली. परक्या सुईची भोकं पाहून सासू टाका घालील का? नीराबाईंनाही ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाल्या, “न्हाय घातला, तर पोर म्हायेरी परत.” आता हसतंय का कुणी?

म्हणून वरातीबरोबर मी जाणार आहे. कुणाची सुई होती, ते सासूबाईंना सांगावं लागेल. ज्यांनी गुलाब भरला, त्यांनी सोबत यावं. नावं मी इथे घेत नाही, तिथे त्यांनी स्वतः घ्यावीत.

बाईसाहेब, आपल्याला रिकाम्या हाती पाठवतो आहोत, त्याची क्षमा मागते. माझ्या बोलण्यात आणखी काही टोचलं असेल, तर तेही पदरात घ्या. अध्यक्षांनी वेळ दिला, ऋणी आहे.

नीराबाई, या. रावजी, पाय आवरा, वाट द्या त्यांना.