स्टिअरिंग बोटभर फिरवल्यावर

नीलिमाक्का, अविनाश सरांचे आई-वडील, आणि जमलेली मंडळी. हात धुऊन आलोय, तरी ऑइल काही जात नाही, माफ करा. बनशंकरीतल्या माझ्या गॅरेजात मी बोलत नाही, ऐकतो. आज सरांच्या शोकसभेत उलटं करायचंय. जड जातंय.

सर बायकोला, म्हणजे आपल्या अक्कांना घेऊन पुण्याहून इथे कानडी मुलखात आले. मोटार कंपनीत धुराची चाचणी करायचे. पहिल्या भेटीत म्हणाले, "अण्णा, तुमचे कान भाड्यानं मिळतील?" मी म्हटलं, "कान फुकट, चहा तुमचा." पुढे दर रविवारी चहा त्यांचाच.

एका रविवारी कंपनीची नवी डिझेल गाडी घेऊन आले. आम्ही ती लिफ्टवर वीतभर उचलली. पुढची चाकं हवेत फिरतायत, सर आत बसलेत. इंजिनाचा आवाज कसा? देवळातल्या माणसासारखा. सर म्हणाले, "आता ऐका." आणि स्टिअरिंग स्वल्प फिरवलं. बोटभर. आवाज बदलला! पुन्हा सरळ केलं, पुन्हा देऊळ.

मी म्हटलं, "सर, हिला कळतंय!" चाचणीच्या रोलरवर गाडी सरळच धावते ना, स्टिअरिंग कोण फिरवतो? फिरलं की ही समजते, परीक्षा संपली, रस्ता आला, आता सोडा धूर.

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी ते लिहून वरिष्ठांना दिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहून दिलं. तरी नाही. शेवटी गोष्ट सरकारपर्यंत गेली. कंपनीला दंड करायचा का, याची सुनावणी येत्या मंगळवारी आहे. सर तिथे बोलणार होते.

त्याआधीच सरांचं हृदय थांबलं. त्यात मला काही काळंबेरं दिसत नाही. डॉक्टर माझं जुनं गिऱ्हाईक, सरळ माणूस. मला संशय येतो तो नंतरच्या गोष्टींचा.

सर गेल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब अक्कांच्या घरी आले. सरांच्या फोटोला हार घातला. हात जोडले. मग विचारलं, "अक्का, घरी ऑफिसचे काही कागद आहेत? उद्या-परवा माणूस पाठवतो." हाराचं पाणी वाळलं नव्हतं हो!

आणि आज, मघाशी, बाहेर चपला काढताना कंपनीचे दोघं बोलत होते. कानडीत. त्यांना वाटलं, मराठी मेकॅनिक, याला काय कळतंय? अहो, माझे पणजोबा याच गावात वाढले, मी स्वप्नंसुद्धा कानडीत पाहतो! एक म्हणाला, गाडी पास केल्याच्या कागदावर सही अविनाश सरांचीच आहे, चाचणी त्यांनीच चुकवली म्हणू, दंड टळेल. दुसरा म्हणाला, "सरी." म्हणजे, ठीक आहे.

सरी? काय सरी?

साहेब, शेवटच्या रांगेत आहात, दिसताय मला. बसा, बसा. पाणी घ्या.

दंड किती व्हावा, ते मोठ्या लोकांनी ठरवावं. पण तो गाडी बनवणाऱ्याला व्हावा. तिची लबाडी पकडणाऱ्याच्या नावावर नको. तेही तो उत्तर द्यायला नसताना.

अक्का, सरांच्या त्या दोन्ही पत्रांच्या प्रती कपाटात आहेत, तुम्हीच मला दाखवल्यात. येणाऱ्या माणसाला चहा द्या. कागद देऊ नका. मंगळवारी आपण दोघं घेऊन जाऊ. मी काय ऐकलं ते मी सांगेन. ज्याला खोटं वाटेल त्यानं तसलीच गाडी घेऊन गॅरेजात यावं. लिफ्ट तिथेच आहे.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं. इंजिन शांत झालं की सरांना सगळ्यात जास्त शंका यायची. आपणही शांत राहू. पण कान उघडे ठेवून.